घराचा चार्ज

आमच्या आळीत आखातातून माणूस आला की त्याला दोनच प्रश्न विचारतात. कधी आलात, आणि परत कधी? पहिल्याचं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही, सगळा जीव दुसऱ्यात. अशरफभाई सोलकर एकतीस वर्षं हे प्रश्न ऐकत आले आणि हसून तारीख सांगत आले. शेवटचे आले ते कायमचे, नोकरीतून निवृत्त होऊन. तरी दूधवाल्यापासून मशिदीतल्या मौलानांपर्यंत जो तो आपला विचारतोय, परत कधी? "आता नाही जायचं," असं ते सांगायचे, आणि समोरचा म्हणायचा, "असं सगळेच म्हणतात." त्यांचा चेहरा असा काही उतरायचा की राग मलाच यायचा. एकदा मी ओट्यावरूनच सुनावलं, "अहो, माणूस स्वतःच्या घरी आलाय. त्याला बसू तरी द्या." तेव्हापासून अशरफभाईंनी मला आपल्या बाजूची धरलं.

मी जाधवबाई. प्राथमिक शाळेत जन्म गेला, आवाज अजून वर्गातलाच आहे. सोलकरांचं आणि माझं परसदार शेजारी, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्यावरून रशिदाशी, म्हणजे अशरफभाईंच्या बायकोशी, मी तीस वर्षं बोलले. वाट्या इकडून तिकडे गेल्या, मुलं गेली, साप गेले. त्यांची शाहीन आणि इम्रान दोघंही माझ्या हाताखाली शिकली. अशरफभाई मात्र मला दोन वर्षांतून एकदा, महिनाभर दिसायचे. नवा शर्ट, अत्तर, आणि हातात माझ्यासाठी साबणाची वडी.

ते इंजिनिअर होते. समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या कारखान्यात. रशिदा म्हणायची, "हे तिकडे अख्खा समुद्र गोड करतात आणि इथे मे महिन्यात आमच्या विहिरीला खारं पाणी येतं, ते बघायला माणूस नाही." खाडी जवळ, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ती हसत सांगायची, पण सांगायची दर उन्हाळ्यात.

अंगानं किडकिडीत, उंच, शर्टाला कायम इस्त्री. हातात एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू मोटरला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आतलं दुखणं आवाजावरून कळतं म्हणे. माझ्या मिक्सरला असंच तपासलं आणि म्हणाले, "बाई, ही दोन महिन्यांची सोबतीण." मिक्सर सात आठवड्यांनी बसला. मी म्हटलं, "एक आठवडा चुकलात." तर गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही मध्ये सुक्या मिरच्या दळल्यात."

संसारी माणूस म्हणाल तर त्यांच्यासारखा मी पाहिला नाही, आणि संसारात ते जवळजवळ नव्हतेच. तिकडे एकतीस वर्षं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ रत्नागिरीच्या वेळेवर असायचं. कारखान्याची वेळ कारखान्यात भिंतीवर दिसतेच, म्हणायचे. यांना पाहिजे होतं ते हे, की आता शाळेची घंटा झाली, आता इम्रान दप्तर फेकून आंब्यावर चढला असेल. आणि तो खरंच त्याच वेळी चढलेला असायचा, मी साक्षीदार आहे.

बुटांची गोष्ट सांगते. मुलांसाठी बूट आणायचे म्हणून रशिदा मुलांचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं कड काढायची आणि तो कागद पत्रात घालायची. बूट यायचे वर्षा-दीड वर्षानं, अशरफभाईंबरोबरच. तोवर पाय वाढलेले. असं तीनदा झालं. इंजिनिअरच तो, गप्प कसा बसेल? त्यांनी दर तीन महिन्यांनी पायाचे कागद मागवले, आलेख काढला आणि पुढच्या खेपेला इम्रानचा पाय केवढा झाला असेल ते काढून तेवढे बूट घेतले. ते दोन बोटं मोठे झाले. इम्रान माझ्या वर्गात बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालून यायचा आणि कवायतीला त्याचा डावा बूट सुटून पुढच्या मुलाला लागायचा.

बऱ्याच वर्षांनी गडग्यापाशी मी त्यांना हसत हसत यावरून चिडवलं. ते म्हणाले, "आलेख चुकला नव्हता बाई. मी तो पाच-सहादा तपासला. अजून माझ्याकडे आहे."

मी बोलून गेले, "त्या वर्षी इम्रानला टायफॉइड झाला होता ना. दोन महिने अंथरुणात होता, वाढणार कुठून?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना ते कोणी कळवलंच नव्हतं. उगाच परक्या मुलखात काळजी नको म्हणून रशिदानं लपवलं होतं, आणि मीच तिला तसं सांगितलेलं, आता कशाला खोटं बोलू. "मला टायफॉइड कळायला पाहिजे होता," एवढंच ते म्हणाले. तो सबंध दिवस मला माझीच लाज वाटत होती.

तर असा माणूस कायमचा घरी आला, आणि घरात त्याला जागा सापडेना. म्हणजे खोली होती, पलंग होता, रशिदाचा जीवही होता. पण तीस वर्षांची सवय अशी की हे आले म्हणजे सुट्टीवर आले. रोज ताटात काहीतरी खास. सांदणं काय, सरंगा काय, सुरमईची मधली तुकडी काय. रशिदा स्वतः मात्र स्वयंपाकघरात बांगड्याच्या कालवणाशी भात खायची. ते दुपारी पडले की घरात आलं-गेलं माणूसही कुजबुजत बोलायचं. इम्रान लोट्याला एका केमिकलच्या कारखान्यात कामाला, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. आल्या आल्या आईजवळ पाटावर बसून कंपनीच्या सगळ्या गोष्टी सांगायचा. कुठला पंप बंद पडला, कोणाची पाळी बदलली. अब्बा आत आले की उठून उभा राहायचा आणि टीव्ही बंद करायचा. ज्याला पंपातलं कळत नव्हतं तिला सगळं सांगायचं आणि ज्याचं आयुष्य पंपात गेलं त्याला नुसतं, "बरं चाललंय अब्बा."

एकदा अशरफभाई गडग्याला टेकून मला म्हणाले, "बाई, मला बांगड्याचं डोकं पाहिजे."

मी म्हटलं, "मग मागा की. त्यात काय?"

"मागितलं तर देईल. पण मग ती पाहुण्याची फर्माईश होते. घरच्या माणसाला मागावं लागत नाही. त्याच्या वाटणीला येतंच ते."

मी त्यांना फटकारलं, की तुमची पोटं भरलेली आहेत म्हणून हे नखरे सुचतात. ते खूश झाले. "तुम्ही बोलता मला, बरं वाटतं," म्हणाले. "आमच्याकडे कोणी बोलत नाही." नंतर मला वाईट वाटलं. मग मी त्यांना मुद्दाम बोलत राहिले. सायकल आडवी लावली म्हणून, कचरा भलतीकडे टाकला म्हणून. आणि एखादे दिवशी बोलायला कारण मिळालं नाही तर ते स्वतःच कारण काढायचे, असा मला दाट संशय आहे.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मी आणि रशिदा त्यांच्या मागच्या पडवीत कोकमं फोडत बसलो होतो. अशरफभाई चष्मा लावून, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले आणि समोर स्टूल ओढून बसले. "रशिदा," म्हणाले, "तू एकतीस वर्षं ड्युटी केलीस. आता मी आलोय. मला चार्ज दे."

चार्ज हा शब्द मला नवा नाही. मुख्याध्यापिका म्हणून मी घेतलाय आणि दिलाय. पण त्यांच्याकडची पद्धत फार कडक. पाळी संपली की जाणाऱ्यानं येणाऱ्याला सगळं सांगायचं. चालू काय, बंद काय, कुठून आवाज येतोय. येणाऱ्यानं लिहून घ्यायचं आणि सही करायची. ती सही होईपर्यंत जाणाऱ्यानं जागा सोडायची नाही, मग घरी मूल जन्माला येत असलं तरी. शाहीनच्या जन्माची तार आली तेव्हा ते असेच अकरा तास अडकले होते, बदलीचा माणूस आला नाही म्हणून. हे त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं.

"लिहा मग," रशिदा म्हणाली. "सगळं चालू आहे."

"बंद काय आहे?"

"काही नाही."

"बिघडलेलं?"

"होतं ते मी करून घेतलं."

त्यांनी वहीत तारीख घातली होती, खाली रेघ मारली होती. पेन तसंच धरून म्हणाले, "मग मी काय करू?"

"तुम्ही आराम करा," ती म्हणाली. "आणि काय हो, चार्ज दिला की माणूस घरी जातो ना? मग मी कुठे जाऊ? माझं घर हेच."

आम्ही दोघी हसलो. पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तेही हसले आणि वही मिटून आत गेले. मी हसायला नको होतं. पण रशिदाची जीभच तशी होती, समोरच्याला हसल्याशिवाय राहवायचं नाही.

त्यानंतर ते आळीभर फिरून न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत राहिले. मशिदीच्या वजूखान्याचे सगळे नळ त्यांनी दोनदा नवे केले. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचे, एकटेच. मी एकदा तिथे गाठलं तर म्हणाले, "तिकडून बघायचो तेव्हा वाटायचं, पलीकडे घर आहे. आता इथून बघतो तर पलीकडे कोणीच नाही." मी म्हटलं, "घर मागे आहे तुमच्या. चला, उठा." उठले बिचारे.

तिसऱ्या वर्षी रशिदा आजारी पडली. आधी नुसता थकवा, मग वजन उतरलं. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिकडे पोट उघडून पुन्हा शिवून टाकलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. तिला सगळं कळलं होतं. लपवायची सवय तिची होती, तिच्यापासून कोण काय लपवणार?

अंथरुणाला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं ती निळी वही मागितली. "चार्ज घ्यायचा होता ना, या. बसा." अशरफभाई म्हणाले, वही सापडत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चष्मा तुटलाय. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "बाई, हे ऐकत नाहीत. माझं सगळं डोक्यात आहे, ते डोक्यातच राहील. तुम्ही सांगा यांना."

वही कुठे होती ते मला माहीत होतं. माझ्या घरी, माझ्या पुस्तकांच्या कपाटात. मुंबईहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अशरफभाईंनी ती गडग्यावरून माझ्या हातात दिली होती. "ठेवा तुमच्याकडे," एवढंच म्हणाले होते.

मी त्यांना परसात गाठलं. विहिरीच्या कठड्यापाशी उभे होते. म्हटलं, "हा काय पोरखेळ लावलाय?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मी सही केली नाही तर तिला जाता येणार नाही."

एवढा शिकलेला, आलेख काढणारा माणूस. वेड्यात काढावं असं काही माझ्या मनात आलं नाही. मला रडू आलं. पण रडून त्याचं काम होणार नव्हतं, म्हणून मी माझा शाळेतला आवाज काढला. "एकतीस वर्षं आणि वर तीन, तिनं जागा सोडली नाही. आता तिला पाठ टेकायचीय. आणि बदलीचा माणूस विहिरीमागे लपून बसलाय. तुमच्या कारखान्यात अशा माणसाला काय म्हणतात ते एकदा मला सांगा."

ते कठड्यापासून बाजूला झाले. मग म्हणाले, "वही आणा."

चार दुपारी तो चार्ज चालला. मी उशाशी वारा घालत बसायचे. ती थांबत थांबत सांगायची, ते लिहायचे. उन्हाळ्यात भरतीच्या वेळी पंप लावायचा नाही, पाणी खारं येतं, ओहोटीची वेळ बघून लावायचा. हे तिनं दर तासाला पाणी चाखून शोधून काढलं होतं. खाऱ्या पाण्याचा इंजिनिअर मान खाली घालून ते लिहून घेत होता. इम्रानला ताप आला की तो सांगत नाही, फक्त चहा नको म्हणतो, तेव्हा ओळखायचं. पावस गावी शाहीनच्या सासरी फोन करायचा तर आधी तिच्या सासूशी बोलायचं, मग शाहीनशी. बाई पौर्णिमेला मासळी खात नाहीत, त्या दिवशी वाटी पाठवायची नाही. पिवळी मांजर आपली नाही, पण तिला दूध द्यायचं.

शेवटच्या दुपारी त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "बंद काय आहे?"

तिनं जरा विचार केला. "तुमच्यावर रागवायचं बंद ठेवलं होतं," म्हणाली. "महिनाभर तर असायचात, तेवढ्यात कुठे रागवायचं? मग ते तसंच राहून गेलं."

"आता रागव," ते म्हणाले.

"आता दम नाही हो."

त्यांनी सही केली. तिनं मला ती नीट झालीय का बघायला सांगितलं. मी वही हातात घेऊन बघितली आणि झालीय म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी ती गेली.

लोकांना वाटलं, आता हा माणूस कोसळणार. इम्रान त्यांना लोट्याला न्यायला आला होता. ते म्हणाले, "चार्ज माझ्याकडे आहे, मला जागा सोडता येत नाही." इम्रानला काही कळलं नाही. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, राहू दे रे त्यांना.

आणि राहिले. वही समोर धरून राहिले. पहिल्या महिन्यात भात तीनदा करपला, वास माझ्या माजघरापर्यंत यायचा. चौथ्या महिन्यात बांगड्याचं कालवण असं करायला लागले की मला रशिदाच्या हाताची आठवण व्हावी. त्यातली डोकी आता त्यांच्याच वाटणीला यायची, कारण बाकीच्या तुकड्या ते इम्रानला वाढून टाकायचे. शनिवारी गडग्यापलीकडून आवाज यायचा, "आधी पाय धुऊन ये, मग स्वयंपाकघरात." अगदी तिचं वाक्य. इम्रान मुकाट्यानं पाय धुवायचा. हळूहळू तो पाटावर बसून त्यांनाही पंपाच्या गोष्टी सांगायला लागला. मला इकडे दोघांचे आवाज यायचे. शब्द कळायचे नाहीत, पण मी हातातलं काम थांबवून ऐकायचे. सोमवार ते शुक्रवार मात्र त्या घरातून भांड्याचा आवाजही एका माणसापुरता यायचा.

अशरफभाई गेले ते झोपेत, रशिदाच्या मागून दीड वर्षानं. मी तेव्हा खेडला बहिणीकडे होते, तिकडेच फोन आला. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या रविवारी, दुपारी.

इम्रान लोट्याला परत निघाला होता. रिक्षा आली, त्यानं बॅग टाकली. अशरफभाई डबा घेऊन फाटकापर्यंत आले. "आत जा ना अब्बा, ऊन आहे," इम्रान म्हणाला. "तू नीघ," ते म्हणाले. रिक्षा आळीतून गेली, वळणावर दिसेनाशी झाली. ते तसेच उभे. मी आपली माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. म्हटलं, "गेला हो तो. आत जा."

ते म्हणाले, "बाई, रशिदा किती वेळ उभी राहायची?"

"कधी?"

"मी जायचो तेव्हा."

आता काय सांगू या माणसाला, असं मला झालं. पण लपवून एकदा चूक केली होती. म्हटलं, "गाडीचा आवाज येईनासा झाला तरी उभी असायची. मुलांना भूक लागली की मी हाताला धरून आत न्यायचे. त्या दिवशी तिच्याकडे चूल पेटायची नाही, जेवण माझ्याकडून जायचं."

"मला वाटायचं, गाडी निघाली की ती कामाला लागत असेल," ते म्हणाले. "मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरलो असतो." मग म्हणाले, "हे तिनं वहीत नाही सांगितलं."

आत कुकरची शिट्टी झाली, म्हणून मी सूप घेऊन उठले. गॅस बारीक केला, भाजी परतली, त्यांच्यासाठी एका वाटीत काढून झाकून ठेवली आणि वाटी घेऊन बाहेर आले. रस्त्यावर कोणी नव्हतं. ते अजून फाटकाला धरून वळणाकडे बघत उभे होते.